पाण्याचा मंत्र बंद केला म्हणून डीएम भित्रा ठरतो का?

फडकरी (धुळे)

काल 'वीसचा फासा' यांनी येथे लिहिले की, डंजन्स अँड ड्रॅगन्स या फाशांच्या कथाखेळात चालू मोहिमेत (खेळातल्या लांबणाऱ्या कथेत) पुस्तकातला नियम बदलणारा डीएम, म्हणजे खेळ चालवणारा सूत्रधार, खेळाडूंच्या हुशारीला घाबरलेला असतो आणि ज्याला घरचे (स्वतः बनवलेले) नियम करण्याची एवढी हौस आहे त्याने कादंबरी लिहावी. त्यांच्या जळगावच्या डीएमने फारुकी सुलतानांच्या काळातल्या खानदेशावर मोहीम बेतली, दुष्काळ पाडला, आणि यांच्या क्लेरिकने (देवाच्या कृपेने मंत्र टाकणाऱ्या पात्राने) पाणी निर्माण करणारा मंत्र टाकताच 'या भूमीत हा मंत्र चालत नाही' असे सांगून टाकले, एवढी त्यांची तक्रार आहे. मी त्या टेबलावर नव्हतो. पण कादंबरीचा टोमणा मला झोंबला, म्हणून सविस्तर लिहितो.

ज्या पुस्तकाचा जप चालला आहे, तो खेळ मुळात घरच्या नियमांतूनच जन्मला. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी 1974 साली डंजन्स अँड ड्रॅगन्स छापले, त्याआधीच आर्नेसन ब्लॅकमूर नावाची स्वतःची मोहीम चालवत होते आणि सैन्यांच्या लढाईचे नियम एकेकट्या वीरासाठी मोडून-जोडून घेत होते. 2014 च्या डीएम-मार्गदर्शकाचे अख्खे नववे प्रकरण नियम कसे बदलावेत यासाठीच आहे. ते न वाचताच लोक पुस्तकाची शपथ घालतात.

आता पाण्याकडे येऊ. पुस्तकाप्रमाणे पात्राला दिवसाला 1 गॅलन पाणी लागते, कडक उन्हाळ्यात 2. पहिल्या पातळीचा हा मंत्र एका वेळी 10 गॅलन, म्हणजे साधारण 38 लिटर पाणी देतो. पाच जणांच्या टोळीची भर वैशाखातली दिवसभराची तहान एका मंत्रात भागते. मग दुष्काळ उरला कुठे? माझी स्वतःची मोहीम पांझरा नदीवरच्या फड सिंचन पद्धतीवर उभी आहे: बंधारा, त्यातून निघणारा पाट, एका फडात सगळ्यांचे मिळून एकच पीक, पाणी सोडणारा पाटकरी आणि राखण करणारा जागल्या. पाणी ओसरले की यंदा कोणता फड कोरडा ठेवायचा, यावर गावाची बैठक बसते. माझ्या खेळाडूंनी एक अख्खी संध्याकाळ त्या बैठकीत घालवली, कोणीही तलवार उपसली नाही, आणि आजही त्यांना तीच संध्याकाळ आठवते. अशी बैठक कोणत्याही तयार मोहिमेत मिळत नाही. माझ्याकडे तर सातपुड्यातले गॉब्लिन (खेळातले छोटे राक्षस) अहिराणी बोलतात आणि टेबलावर हसून हसून मुरकुंडी वळते. हेही पुस्तकात नाही. मग तेही बंद करू काय?

वीसचा फासा (जळगाव)

फडकरी भाऊ, आपण माझी बाजू माझ्यापेक्षा चांगली मांडलीत, त्याबद्दल आभार. 38 लिटर पाण्याने उसाची एक सरीसुद्धा भिजत नाही. म्हणजे माझ्या क्लेरिकने दिवसभर मंत्र टाकले असते तरी आपला पाटकरी, आपला कोरडा फड आणि आपली बैठक जागच्या जागी राहिली असती. दुष्काळ पिकांचा असतो, टोळीच्या पखालीचा नव्हे. मग मंत्र बंद करून मिळवले काय?

आणखी गंमत अशी की, आमच्या ड्रुइडचा (निसर्गाची जादू करणाऱ्या पात्राचा) गुडबेरी मंत्र डीएमने तसाच ठेवला. त्यात 10 फळे मिळतात आणि एक फळ माणसाला दिवसभर पुरते. भूक जादूने भागवलेली चालते, तहान मात्र चालत नाही, याला विचारपूर्वक केलेला बदल म्हणत नाहीत. त्या वेळी आम्ही लळिंग किल्ल्याच्या पायथ्याशी अडकलो होतो आणि मी तो मंत्र त्याच दिवसासाठी राखून ठेवला होता. मंत्र टाकल्यावर नियम जाहीर झाला आणि माझा स्पेल स्लॉटही (दिवसाच्या मोजक्या मंत्रांपैकी एकाची जागा) परत मिळाला नाही. मोहीम सुरू होण्याआधीच्या बैठकीत एका वाक्यात सांगितले असते, तर मी दुसरे पात्र केले असते.

सातपुडी (नंदुरबार)

पाण्याचा निवाडा आपण दोघे सावकाश करा. मला फडकरींच्या शेवटच्या ओळींबद्दल विचारायचे आहे. गॉब्लिन अहिराणी बोलतात हे कळले. आपल्या मोहिमेतला थाळनेरचा सुलतान, त्याचा वजीर आणि बुऱ्हाणपूरचा जादूगार कोणती भाषा बोलतात?

फडकरी

ते अर्थातच प्रमाण मराठी बोलतात. दरबार आहे तो.

सातपुडी

हेच अपेक्षित होते. 'कोठे जाई राहिना भाऊ?' हे वाक्य माझी आजी रोज दारातून विचारत असे, आणि आपल्या टेबलावर ते हिरव्या कातडीच्या, खंजीर घेतलेल्या चोराच्या तोंडी आले की लोकांना हसू फुटते. शहाण्याला प्रमाण भाषा आणि विदूषकाला बोली, ही जुनीच खोड आहे. ती फाशांच्या खेळात आणून आपण नवे काही घडवल्याचा आव आणू नये. दुसरे असे की, सातपुड्याच्या डोंगरात भिली आणि पावरी बोलतात. अहिराणी खालच्या सपाटीची. 'डोंगरात राहणारे, टोळीने येणारे, वाटमारी करणारे' असे गॉब्लिनांचे वर्णन करून त्यांना सातपुड्यात बसवले की टेबलावरच्या लोकांच्या डोळ्यांसमोर कोण येते, हे मी वेगळे सांगायला नको. सेंधव्याचा घाट राखणारा आणि 1857 मध्ये इंग्रजांविरुद्ध उठलेला खाज्या नाईक हा त्याच डोंगरातला. त्याच्यासारखे पात्र आपल्या मोहिमेत कधी आले आहे काय?

केळीचा घड (रावेर)

विषय निघालाच आहे तर मलाही बोलू द्या. खानदेश म्हटले की अहिराणी, हे समीकरण कोणी बसवले? आमच्याकडे रावेर-यावलला लेवा बोली आहे. मी मुक्ताईनगरजवळच्या तापी-पूर्णेच्या संगमावर एक साहस लिहिले, त्यातली नावाडीण आमच्या घरच्या बोलीत बोलत होती, तर धुळ्याच्या एका खेळाडूने मला 'ही खरी खानदेशी नाही' असे ऐकवले. त्या नावाडिणीकडे मोहिमेतले सर्वांत मोठे रहस्य होते. तिला कोणी हसले नाही. पण तिचे कोणी ऐकलेही नाही, आणि टोळी बुडाली.

फडकरी

सातपुडी ताई, आपण फारच मनाला लावून घेतले. माझी आईसुद्धा अहिराणीच बोलते. टेबलावर बसणारे सगळे याच मातीतले आहेत. आपणच आपल्यावर हसलो तर त्यात अपमान कसला? प्रत्येक गॉब्लिनमागे कोणाची तरी जमात शोधायची म्हटले तर खेळात फक्त सांगाडे आणि जेलीचे गोळे उरतील.

सातपुडी

आई अहिराणी बोलते, तर तिची भाषा वजिराला का दिली नाहीत? एवढाच प्रश्न होता, आणि त्याचे उत्तर आपण अजून दिलेले नाही. सांगाड्यांना जरूर द्या प्रमाण मराठी. त्यांच्या अंगावर तसेही मांस नसते.

भुसावळ जंक्शन

वातावरण तापलेच आहे, म्हणून तापमानाविषयी. 2014 च्या मार्गदर्शकात तीव्र उष्णतेचा नियम आहे: 100 अंश फॅरनहाइट किंवा त्याहून अधिक तापमान असेल आणि प्यायला पाणी नसेल, तर दर तासाला कॉन्स्टिट्यूशनचा सेव्ह (शरीराच्या काटकपणाची फाशाने होणारी परीक्षा) द्यावा लागतो. पहिल्या तासाला गाठायचा आकडा 5, पुढे तासाला एकेकाने वाढत जातो, आणि हुकला की थकव्याची एक पायरी. जड चिलखत असेल तर फासा दोनदा टाकून कमी आकडा घ्यायचा. उष्ण प्रदेशाला मूळचे सरावलेले जीव मात्र आपोआप सुटतात. आमच्या टेबलावर एका खेळाडूने आपला बुटका (ड्वार्फ जातीचे पात्र) भुसावळात जन्मल्याचे लिहून आणले आणि सर्व सेव्ह माफ करून घेतले. डीएमने पुस्तकाबरहुकूम खेळवले, आणि दुष्काळाची मोहीम त्या एका ओळीत संपली. पुस्तक जसेच्या तसे चालवा म्हणणाऱ्यांनी यावर बोलावे.

वीसचा फासा

बोलतो. ती डीएमने मान्य केलेली पार्श्वभूमी होती आणि खेळाआधी मान्य केलेली होती. माझा आक्षेप वेळेवर आहे, बदलावर नाही.

फडकरी

काल तर 'नियम बदलणारा डीएम भित्रा' असे सरसकट लिहिले होते. एका रात्रीत एवढी माघार पुरेशी आहे, म्हणून मीही थोडे मान्य करतो: मंत्र सरळ बंद करणे हा आळशी उपाय आहे. मी असतो तर मंत्र चालू ठेवला असता; मात्र निर्माण झालेले पाणी हवेतून येत नाही, ते जवळच्या विहिरीतून आटते, असा नियम केला असता. मग क्लेरिकने टोळीची तहान भागवायची आणि दुसऱ्या दिवशी गावकरी काठ्या घेऊन समोर उभे राहायचे. गुडबेरीलाही तेच लागू: फळे आली की कोणाच्या तरी बागेतला बहर गळायचा. यातून नव्या बैठका निघतात आणि हुशारीही वाया जात नाही. गॉब्लिनांचे म्हणाल, तर पुढच्या खेळापासून ते अस्सल पुणेरी बोलतील आणि दुपारी 1 ते 4 लूटमार बंद ठेवतील. वजीर अहिराणी बोलेल. ताईंचे समाधान व्हावे.

सातपुडी

समाधान वजिराचे पहिले वाक्य ऐकून ठरवीन. त्यावर टेबलावर हशा पिकला, तर आपण होतो तेथेच आहोत.

केळीचा घड

आणि लेवा बोली?

वीसचा फासा

विहिरीचा नियम मला पटला, हे नाइलाजाने लिहितो. आमच्या डीएमला तो सुचला असता तर मी काल लिहिलेच नसते. तो भित्रा आहे, या मतात मात्र फरक पडलेला नाही. फक्त 'जवळची विहीर' म्हणजे किती अंतरावरची, हे आकड्यात लिहून द्यावे, आणि अंतराच्या आत विहीरच नसेल तर मंत्र फुकट जातो की स्लॉट शिल्लक राहतो, हेही लिहावे. अन्यथा आमचा डीएम सोयीप्रमाणे विहिरी खणत आणि बुजवत बसेल.