मदत हवी आहे : विजेच्या लाइनशिवाय शेतावर घर, बोअरचा पंप कसा चालवावा?

नमस्कार मंडळी. आम्ही दोघं, मुलं आणि आई असे शहर सोडून कायमचे शेतावर राहायला जातोय. तिथे विजेची लाइन नाही, घ्यायचीही नाही. दिवे, पंखे, फ्रिज यांचा सोलरचा हिशोब बसलाय. घोडं अडलंय ते पाण्यापाशी.

बोअरला पाणी भरपूर आहे. पण साधी एसी मोटर सुरू होताना नेहमीच्या कित्येक पट करंट ओढते. तेवढ्यासाठी मोठा इन्व्हर्टर आणि बॅटऱ्या घेणं मला पटत नाही. त्यापेक्षा डीसी पंप थेट पॅनेलवर चालवावा, दिवसा उंचावरची टाकी भरावी आणि रात्री पाणी आपोआप उतारानं यावं, असा विचार आहे. पाणी साठवलं की वीज साठवायची गरजच कमी होते.

पण सलग ढगाळ दिवस आले तर? आई पहाटे उठते, तेव्हा नळाला पाणी हवंच. 100 चौरस मीटर छपरावर 10 मिमी पाऊस पडला तर जवळपास 1000 लिटर पाणी मिळतं, तेही धरायचंय.

असं राहणाऱ्यांनी कृपया सांगा: पाच माणसांना टाकी किती लिटरची घेतलीत? पॅनेल आणि जनरेटर दोन्हींवर चालणारा पंपाचा कंट्रोलर टिकतो का? आणि जमीन खडकाळ, भेगांची आहे. सांडपाणी जिरवायचा शोषखड्डा बोअरपासून 30 मीटरवर ठेवला तर पुरेल का, की घाण पाणी भेगांतून बोअरमध्ये उतरेल? खोदकाम लवकरच सुरू होतंय, त्यामुळे हा शेवटचा प्रश्न सगळ्यात तातडीचा.