लांब पल्ल्याच्या तेलविहिरी: ड्रिल पाइप हलका असावा की रुंद?

वेधनयंत्री:
इंग्लंडमधील विच फार्म तेलक्षेत्रात किनाऱ्यावरून समुद्राखाली खोदलेल्या विहिरीने १९९९ मध्ये १० किलोमीटरहून अधिक आडवे अंतर गाठले. रशियातील सखालिन-१ तेल प्रकल्पात, ज्यात ओएनजीसी विदेशचाही वाटा आहे, २०१७ मध्ये विहिरीची लांबी १५,००० मीटरवर गेली. एवढ्या लांबीत ड्रिल पाइपाचे, म्हणजे खोदणारे टोक फिरवणाऱ्या पोकळ नळ्यांचे, वजनच शत्रू होते, कारण आडव्या भागात ते खालच्या भिंतीवर पडते आणि पाइप फिरवताना घर्षणाचा टॉर्क (पिळणारे बल) वाढवत नेते. खोदताना पाइपातून विहिरीत फिरवला जाणारा चिखलासारखा द्रव म्हणजे मड; पाण्याच्या १.२ पट जड मडमध्ये उत्प्लावन (द्रवाचा वर उचलणारा जोर) वजा जाता एक घनमीटर पोलाद सुमारे ६.६ टन भरते, तर ॲल्युमिनियमचा मिश्रधातू जेमतेम १.६ टन. रशियात कोलाची १२,२६२ मीटर खोल विहीर ॲल्युमिनियमच्या पाइपांनीच खोदली होती. मग आपण पोलादालाच का धरून बसावे?

लोहगुण:
कोलाचे उदाहरण येथे लागू पडत नाही. ती विहीर उभी होती आणि तिथे पाइपाला स्वतःचाच भार पेलायचा होता. आडव्या विहिरीत खडकाचा चुरा तळाशी साचतो आणि तो उचलण्यासाठी पाइपाच्या फिरण्याबरोबरच मडचा मोठा प्रवाहही लागतो. ॲल्युमिनियमची ताकद कमी असल्याने पाइपाची भिंत जाड करावी लागते, त्यामुळे आतला व्यास घटतो. आणि दाबाची हानी त्या व्यासाच्या जवळजवळ पाचव्या घाताच्या व्यस्त प्रमाणात वाढते. साडेपाच इंची पाइप अपुरा आणि ६ ५/८ इंची फार जड, म्हणून मधला ५ ७/८ इंची पोलादी पाइप आला, तो याच हिशोबातून. शिवाय अतिअल्कधर्मी मड ॲल्युमिनियमला खातो, हे वेगळेच.

वेधनयंत्री:
कोलाबद्दलचा आक्षेप मान्य आहे. पण मी पाइपांची सगळी माळ ॲल्युमिनियमची करा असे म्हणत नाही. घर्षणगुणांक ०.३ धरला, तर उभ्या रेषेपासून सुमारे ७३ अंशांपुढे कोणताही पाइप स्वतःच्या वजनाने सरकत नाही, त्याला वरून ढकलावेच लागते. म्हणून उभ्या भागात जड पोलाद आणि टोकाकडे हलका पाइप ठेवला, तर ढकलण्याचे बलही कमी लागेल.

जोडकाम:
ढकलण्याचा मुद्दा काढलात, तर बकलिंगचाही, म्हणजे दाबाखाली पाइप वाकण्याचाही, विचार करायला हवा. तिरक्या किंवा आडव्या विहिरीत पाइप नागमोडी होण्याची मर्यादा त्याच्या ताठपणाच्या आणि वजनाच्या गुणाकाराच्या वर्गमूळावर ठरते, कारण भिंतीवर पडलेले वजनच त्याला जागेवर धरून ठेवते. ॲल्युमिनियमचा लवचीकता गुणांक पोलादाच्या साधारण एकतृतीयांश असल्याने तुमचा पाइप दोन्ही बाजूंनी हरतो. माझ्या मते पैसा आधी जोडांवर खर्चावा. सर्वाधिक टॉर्क वरच्या पाइपांवर येतो आणि तिथे बहुधा नळीआधी टूल जॉइंटच (दोन पाइप जोडणारा आट्यांचा जोड) हार मानतो. दुहेरी खांद्यांचा, म्हणजे एकाऐवजी दोन ठिकाणी टेकणारा, जोड बसवला, तर त्याच आकारात बराच अधिक टॉर्क पेलता येतो.

लोहगुण:
सहमत आहे. मात्र त्या भरात नळीसाठीही १३५ ऐवजी १५० हजार पीएसआय (दर चौरस इंचाला पाउंड) ताकदीचे पोलाद घेणार असाल, तर विहिरीत हायड्रोजन सल्फाइड आहे का, हे आधी तपासावे, कारण पोलाद जितके कणखर तितकी त्याला त्या वायूने तडे जाण्याची भीती अधिक.