प्रति: एसपीआर सेन्सर गल्लीतल्या लॅबमध्ये कधी येणार?

एसपीआर म्हणजे सरफेस प्लाझ्मॉन रेझोनन्स, सोन्याच्या थरावर रेणू चिकटला की प्रकाशाच्या मदतीने ते टिपणारं तंत्र. त्यात रेणूला रंगीत किंवा चमकणारी खूण, म्हणजे लेबल, लावावं लागत नाही, म्हणजे ते लवकरच गल्लीतल्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये दिसेल, असं वरच्या पोस्टमध्ये म्हटलंय. लेबलचं खरं आहे, पण घोडं पेंड खातं ते दुसरीकडेच.

प्रिझमवर जेमतेम 50 नॅनोमीटर जाडीचा सोन्याचा थर असतो. ठरावीक कोनातून प्रकाश टाकला की परावर्तित प्रकाश एकदम मंदावतो, कारण ती ऊर्जा सोन्यातले इलेक्ट्रॉन घेतात आणि एकत्र हेलकावू लागतात, हाच प्लाझ्मॉन. थरावर आधीच बसवलेल्या अँटीबॉडीला हवं ते प्रथिन चिकटलं की हा कोन किंचित सरकतो. गोम अशी, की सेन्सरला प्रथिन ओळखता येत नाही, त्याला कळतो फक्त अपवर्तनांक, म्हणजे पदार्थात शिरताना प्रकाश किती वळतो याचं माप. तापमान एका अंशाने बदललं तरी पाण्याचा अपवर्तनांक साधारण 0.0001 ने हलतो, आणि चांगली यंत्रं त्याच्या शंभरपट बारीक फरक टिपतात! त्यात रक्तद्रवातली भलतीच प्रथिनं आगंतुकासारखी सोन्यावर येऊन बसतात. भलती प्रथिनं रोखायला डेक्स्ट्रानचं (साखरेच्या लांब साखळ्यांचं) अस्तर, तुलनेसाठी अँटीबॉडी नसलेली वेगळी चॅनेल, तापमान नियंत्रण हे सगळं आहे, पण मग किंमतही तशीच.

1983 साली स्वीडनमध्ये लीडबर्ग, नायलँडर आणि लुंडस्ट्रॉम यांनी हे तंत्र जैवसेन्सरसाठी वापरून दाखवलं, 1990 मध्ये त्यावर चालणारं बायाकोर नावाचं यंत्र बाजारात आलं. तेव्हापासून ते रमलंय औषध संशोधनात, रेणू किती वेगाने चिकटतो आणि सुटतो हे मोजण्यात.

बाकी प्लाझ्मॉन घराघरात कधीच पोचलाय. बऱ्याच प्रेग्नन्सी किटवरची लाल रेघ सोन्याच्या नॅनोकणांची असते, आणि तो लाल रंग प्लाझ्मॉनचीच करामत. फक्त तिथे सोनं हेच लेबल!