जुन्या गार्डन ट्रॅक्टरचा कार्बोरेटर गळतोय: किट टाकू की नवीन बसवू?

शेवगा

नमस्कार मंडळी. जुना गार्डन ट्रॅक्टर आहे, एक सिलिंडर, बिडाचा ब्लॉक, १२ हॉर्सपॉवरचं पेट्रोल इंजिन. टाकी इंजिनच्या वर, पंप नाही, पेट्रोल आपल्या भाराने खाली उतरतं. हल्ली कार्बोरेटरखाली थेंब दिसायला लागलेत. रात्रभर उभा राहिला की सकाळी खाली ओल असते आणि शेडभर वास. चालू होतो, पण काळा धूर टाकतो, आणि गरम असताना बंद केला की लवकर उठत नाही.

कार्बोरेटर उघडून झिजणाऱ्या भागांचं दुरुस्तीचं किट टाकावं की सरळ नवीन बसवावा? उघडायचा तर काय बघायचं? प्लग, बेल्ट, ऑईल माझं मी बदलते, पण कार्बोरेटर आजवर कधी उघडलेला नाही. हा ट्रॅक्टर मला टिकवायचा आहे, त्यामुळे तात्पुरता इलाज नको.

तेलपाणी

कार्बोरेटर राहू दे बाजूला, आधी डिपस्टिक काढून बघा. पातळी तुम्ही भरली होती त्याच्या वर गेली आहे का? डिपस्टिकला पेट्रोलचा वास येतोय का?

टाकी वर असली की गळणारं सगळं पेट्रोल बाहेरच सांडतं असं नाही. काही कार्बोरेटरच्या घशातून आत जातं, इनटेक व्हॉल्व्ह उघडा राहिला असेल तर सिलिंडरमध्ये उतरतं, आणि तिथून पिस्टनच्या रिंगांवरून झिरपत खाली ऑईलमध्ये. असं पातळ झालेलं ऑईल बेअरिंगला धरून राहत नाही. त्यावर इंजिन पाच मिनिटंसुद्धा चालवू नका.

दुसरं, रात्रभर उभ्या राहिलेल्या या इंजिनला थेट स्टार्टर मारू नका. सिलिंडरमध्ये पेट्रोल साचलं असेल तर ते दाबलं जात नाही, आणि त्या झटक्यात कनेक्टिंग रॉड वाकू शकतो. प्लग काढा, प्लगची वायर लांब नेऊन बॉडीला अर्थ करा, मग फ्लायव्हील हाताने फिरवा. प्लगच्या भोकासमोर तोंड आणू नका, आत पेट्रोल असेल तर पिचकारी उडते.

शेवगा

तेलपाणी, बरं झालं सांगितलंत. पातळी वर गेलीय आणि वास चांगलाच येतोय. प्लगच्या भोकातून काही उडालं नाही. ऑईल आत्ताच काढून टाकते.

तेलपाणी

काढा, पण नवीन ऑईल गळती थांबल्यावरच भरा, नाहीतर तेही वाया जाईल. एअर क्लीनरचा कागद पेट्रोलने भिजला असेल तर तोही बदला.

पानापक्कड

माझं मत स्पष्ट आहे: किट टाका. मूळ कार्बोरेटरची बॉडी फुटलेली नसेल आणि आटे शाबूत असतील तर तो काढून टाकायचं कारण नाही. पण उघडायच्या आधी गळतंय नेमकं कुठून ते पक्कं करा. इथे बरेच जण घाई करतात आणि चांगला भाग बदलून बसतात.

कार्बोरेटर बाहेरून स्वच्छ पुसून कोरडा करा. खालच्या वाटीच्या (यात पेट्रोल साठतं) कडेला, तिच्या तळाच्या नटाभोवती आणि पाईपच्या तोंडाशी खडूची पूड नीट लावा. आता टाकीचा कॉक उघडा आणि इंजिन बंदच ठेवून बघत बसा. पूड जिथे आधी गडद होईल तिथून गळतंय. वाटीच्या कडेला भिजली तर गॅस्केट, नटाशी भिजली तर वॉशर, पाईपच्या तोंडाशी भिजली तर पाईप किंवा क्लिप. पूड कोरडी राहिली आणि पेट्रोल घशातून किंवा वरच्या हवेच्या भोकातून आलं, तर कार्बोरेटर ओव्हरफ्लो होतोय, म्हणजे आतली नीडल (पेट्रोलची वाट बंद करणारी टोकदार सुई) पेट्रोल अडवत नाही. काळा धूर आणि ऑईलमधलं पेट्रोल बघता तुमच्याकडे हेच निघेल असं मला वाटतं.

आत काय चालतं ते एकदा समजलं की काम सोपं होतं. घरावरच्या पाण्याच्या टाकीत बॉल व्हॉल्व्ह असतो, तसंच. पेट्रोल वाटीत चढलं की तरंगता फ्लोट वर येतो आणि नीडलला सीटमध्ये, म्हणजे तिच्या बसायच्या भोकात, दाबतो, येणारं पेट्रोल थांबतं. नीडलच्या टोकाला खाच पडली, सीटवर कचरा बसला, फ्लोट भोक पडून जड झाला किंवा पिनवर अडकला, की पेट्रोल थांबत नाही.

काम उघड्यावर करा, इंजिन थंड असताना. बॅटरीची निगेटिव्ह केबल काढून ठेवा. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती जमिनीलगत पसरत जाते, त्यामुळे शेडच्या दुसऱ्या कोपऱ्यातला हीटर किंवा ग्राइंडरची ठिणगीसुद्धा पुरते.

कॉक बंद करा, पाईप सोडवा, गव्हर्नरच्या (इंजिनचा वेग सांभाळणारा भाग) दांड्या आणि स्प्रिंगा कुठल्या भोकात आहेत त्याचा फोटो काढा. हा फोटो विसरू नका, कारण स्प्रिंग शेजारच्या भोकात गेली की इंजिनचा वेग बदलतो. वाटी काढली की तळाशी बघा. तपकिरी रवाळ गाळ असेल तर टाकीत गंज आहे, आणि टाकी साफ केल्याशिवाय नवीन नीडल टिकणार नाही. पिवळट चिकट थर असेल तर ते जुनं पेट्रोल सुकून राहिलेलं आहे.

फ्लोटची पिन सरकवून फ्लोट उचला, नीडल त्याच्यासोबत येईल. तिचं टोक उजेडात फिरवून बघा आणि नखाच्या कडेने हलकेच चाचपा. टोकाभोवती बांगडीसारखी बारीक खाच नखाला लागली तर गळतीचं कारण तुमच्या हातात आहे. मग नीडल आणि सीट दोन्ही बदला. झिजलेल्या सीटवर नवीन नीडल बसवली तर काही दिवसांत पुन्हा तेच.

सीट दोन प्रकारची असते. पितळी असेल तर बहुधा आट्यांवर असते, बरोबर मापाच्या रुंद स्क्रू ड्रायव्हरने सुटते, खालचा वॉशर नवीन घाला. काही कार्बोरेटरमध्ये सीट म्हणजे व्हायटॉन रबराची छोटी कडी असते, भोकात दाबून बसवलेली. ती टोक वाकवलेल्या तारेने ओढून काढा, बॉडीला ओरखडा न पाडता. नवीन कडीला इंजिन ऑईलचा थेंब लावा आणि सपाट टोकाच्या काडीने तळापर्यंत सरळ बसवा. त्या कडीच्या एका बाजूला उंच रेघ असते, ती बाजू आत आणि गुळगुळीत बाजू नीडलकडे. उलटी बसली की नवीन सामानावरही गळत राहतं.

फ्लोट कानाशी धरून हलवा. आत खळखळ ऐकू आली तर त्यात पेट्रोल शिरलंय. आवाज येत नसेल तरी पितळी फ्लोट गरम पाण्यात बुडवून धरा, बारीक भोक असेल तर बुडबुडे निघतात. भोक सापडलं तर डाग देत बसू नका. आतल्या पेट्रोलची वाफ ज्योतीशी भडकते, आणि डागाच्या वजनाने फ्लोटची पातळीही बिघडते. नवीन घ्या.

शेवगा

खडूची पूड लावून बघितलं. कड कोरडी, नट कोरडा, आणि एअर क्लीनरच्या बाजूने घशातून धार. तुम्ही म्हणालात तेच. फ्लोटची पातळी कशी लावायची?

पानापक्कड

कार्बोरेटर उलटा धरा, फ्लोट स्वतःच्या वजनाने नीडलवर टेकू द्या. बऱ्याच छोट्या इंजिनांवर फ्लोट अशा वेळी बॉडीच्या कडेला समांतर दिसला पाहिजे. काहींचं ठरावीक माप असतं: कोहलरच्या जुन्या के मालिकेच्या सर्व्हिस पुस्तकात फ्लोटचं मोकळं टोक आणि बॉडीचा सपाट पृष्ठभाग यांत ११/६४ इंच अंतर दिलंय, १/३२ इंच कमीजास्त चालतं. तुमच्या इंजिनच्या पाटीवरचा मॉडेल नंबर बघून त्याच्याच पुस्तकातलं माप घ्या.

पातळी बदलायची तर नीडलला टेकणारी फ्लोटची बारीक पट्टी तेवढी वाकवा. आणि ती वाकवताना फ्लोट नीडलवर दाबू नका, नवीन टोकाला तिथेच खाच पडते.

मग वाटी लावण्याआधी चाचणी घ्या. उलट्या धरलेल्या कार्बोरेटरच्या पेट्रोलच्या नळीला मोठी सिरिंज जोडा आणि हलकेच हवा दाबा. दट्ट्या अडला पाहिजे. फ्लोट बोटाने उचलला की हवा सुटली पाहिजे. कंप्रेसर इथे वापरू नका. ही चाचणी इथेच नापास झाली तर ट्रॅक्टरवर चढवून ती पास होणार नाही.

नांगरट

मी थोडा वेगळा सल्ला देतो. ताईंनी कार्बोरेटर कधी उघडलेला नाही आणि गवत वाट बघत नाही. तयार नवीन कार्बोरेटर दोन बोल्ट आणि एका गॅस्केटवर बसतो. जुना निवांत दुरुस्त करून जपून ठेवा.

पानापक्कड

नांगरट, तुमचा मुद्दा वेळेचा आहे आणि तो मला मान्य आहे. पण जुन्या कार्बोरेटरवर मेन जेट (पेट्रोल मोजून सोडणारं बारीक भोक) आणि आयडलचे (इंजिनच्या मोकळ्या, हळू चालीचे) स्क्रू बाहेरून फिरवता येतात, पेट्रोल-हवेचं मिश्रण इंजिनला हवं तसं लावता येतं. बाजारातल्या बऱ्याच स्वस्त नकलांमध्ये जेट कायमचं बसवलेलं असतं आणि ते याच इंजिनच्या मापाचं असेल याची खात्री नसते. जेट लहान पडलं की इंजिन गरीब (पेट्रोल कमी, हवा जास्त) मिश्रणावर तापत चालतं, आणि हे बाहेरून पटकन कळत नाही. थ्रॉटलचा (आत जाणारं मिश्रण कमीजास्त करणारी झडप) दांडा बॉडीत फार डुगडुगत असेल तर मात्र नवीन घ्यावा असं मीही म्हणेन. तिथून हवा खेचली जाते आणि आयडल कधीच स्थिर लागत नाही. घ्यायचाच झाला तर फ्लॅंजवर कोरलेला नंबर जुळवून घ्या, नुसता आकार बघून नाही.

गवतकाडी

हा धागा पुढे कोणी वाचेल म्हणून लिहिते. ज्यांच्या ट्रॅक्टरवर पंप आहे त्यांनी ऑईलमध्ये पेट्रोल दिसलं की कार्बोरेटरवर थेट आरोप करू नये. क्रँककेसच्या (इंजिनचा ऑईल असलेला खालचा भाग) हवेच्या धक्क्यावर चालणाऱ्या पंपाचा पडदा फाटला तर पेट्रोल त्याच हवेच्या नळीतून सरळ क्रँककेसमध्ये जातं. ती नळी पंपाकडून काढून बघा. आत पेट्रोलने ओली असेल तर पंप गेला आहे.

आणि वाटीच्या खाली सोलेनॉईड (विजेवर चालणारा व्हॉल्व्ह) असलेले लोक विचारतात की तो असताना ओव्हरफ्लो कसा होतो. सोलेनॉईड फक्त मेन जेट बंद करतो. वाटीत येणारं पेट्रोल त्याला थांबवता येत नाही, ते काम नीडलचंच.

शेवगा

उघडला! नीडलच्या टोकाला खाच स्पष्ट दिसते, नखालाही लागते. सीट पितळी आहे. तळाशी तपकिरी गाळही आहे. किट मागवलंय. तोवर जेट आणि बारीक वाटा कशाने साफ करू? गॅरेजमधल्या एकाने पिन घालायला सांगितलं.

पानापक्कड

पिन नको, ड्रिलचं बीट तर अजिबात नको. जेटचं भोक केसभर मोठं झालं तरी मिश्रण बिघडतं. सगळं रबर आधी काढा, कार्बोरेटर क्लीनरने ते फुगतं. स्प्रे मारा, थांबा, परत मारा, मग हवा. अडलेलं असेल तर मासेमारीच्या नायलॉन दोऱ्याचा तुकडा किंवा विजेच्या वायरमधला तांब्याचा एक धागा घाला. चष्मा लावाच, एका भोकात मारलेला स्प्रे दुसऱ्या भोकातून सरळ डोळ्यात येतो.

गाळ निघालाय म्हणजे टाकीही उतरवावी लागेल. पाईपमध्ये फिल्टर टाका, पण पंप नसलेल्या गाडीला चालणारा. पंपाच्या दाबासाठी बनवलेल्या फिल्टरमधून नुसत्या भाराने पुरेसं पेट्रोल येत नाही. आणि पाईप कडक झाला असेल किंवा वाकवल्यावर भेगा दिसत असतील तर तोही याच फेरीत बदला.

शेवगा

नवीन नीडल-सीट बसवली, सिरिंजची चाचणी पास, टाकी धुतली, पाईप आणि फिल्टर बदलले. घशातून आता एक थेंब नाही. पण वाटीखालच्या नटाशी बारीक ओल येतेय. आणि वाटीची जुनी रबरी रिंग फुगलीय, खाचेत बसतच नव्हती, किटमधली लावली. नट अजून आवळू का? की थोडं सिलिकॉन लावू?

तेलपाणी

दोन्ही नको. जास्त आवळलं की वाटीचा तळ आत दबतो किंवा बॉडीचे आटे जातात, मग मात्र कार्बोरेटर खरंच बदलावा लागेल. सिलिकॉन पेट्रोलमध्ये सुटतं आणि त्याचे तुकडे जेटमध्ये जाऊन बसतात.

नटाखालचा फायबरचा वॉशर जुनाच परत लावला असेल. किटमध्ये त्याच मापाचा नवीन असतो, शोधा. वाटीचा तळ आणि नटाची कड कापडाने पुसून बसवा, दाणाभर कचराही तिथे ओल आणतो.

फुगलेली रिंग फेकू नका. दिवसभर हवेवर ठेवली की बहुतेक वेळा आक्रसून मूळ मापाला येते, अडचणीला उपयोगी पडेल.

शेवगा

बरोबर, किटच्या पाकिटात तळाशी चिकटून राहिला होता वॉशर. लावला. कॉक उघडा ठेवून रात्रभर खाली कागद अंथरला होता, सकाळी कोरडा. नवीन ऑईल भरलंय. धूर गेला, गरम असतानाही पहिल्या फटक्यात उठतो. सगळ्यांचे मनापासून आभार. आता पुढे काय काळजी घेऊ?

तेलपाणी

थोडं चालवून झाल्यावर इंजिन थंड होऊ द्या आणि डिपस्टिक परत बघा, पातळी आणि वास दोन्ही. हे पुढचे काही दिवस दरवेळी करा.

काम संपलं की टाकीचा कॉक बंद करायची सवय लावा. नीडल कितीही नवीन असली तरी टाकीचा भार तिच्यावर रात्रंदिवस राहू देऊ नये. कॉक स्वतःच नीट बंद होत नसेल तर पाईप काढून, खाली डबा धरून तपासा. महिनाभर ट्रॅक्टर उभा राहणार असेल तर कॉक बंद करून इंजिन आपोआप विझेपर्यंत चालवा, वाटी बरीचशी रिकामी होते. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल ओलावा ओढतं, ते वाटीत पडून राहिलं की तळ गंजतो.

पानापक्कड

आयडल आणि मेन जेटचे स्क्रू मात्र इंजिन पूर्ण गरम झाल्यावर एकदा लावून घ्या. आधी पेट्रोल जास्त येत होतं, तेव्हाची सेटिंग आता बरोबर असेलच असं नाही. स्क्रू आत फिरवताना टेकला की थांबा, घट्ट आवळला तर टोक खराब होतं.

शेवगा

शनिवारी गवत कापून झाल्यावर गरम इंजिनवरच लावते. कुठे अडले तर याच धाग्यावर विचारेन.