नुसती ग्रँड स्लॅम मोजून कसं चालेल?

टेनिसमधला सर्वकालीन श्रेष्ठ पुरुष खेळाडू कोण? जोकोविचची २४ ग्रँड स्लॅम (ऑस्ट्रेलियन, फ्रेंच, विंबल्डन आणि यूएस या चार मोठ्या स्पर्धांतली एकेरीची विजेतेपदं), म्हणजे विषय संपला, हा हिशेब काही पटत नाही. ऑस्ट्रेलियाच्या रॉड लेव्हरच्या नावावर ११च आहेत, पण तेव्हा तिथे हौशी खेळाडूच चालत आणि हा व्यावसायिक झाला, म्हणून १९६३ ते १९६७ अशी ऐन उमेदीची पाच वर्षं त्याला या स्पर्धांची दारंच बंद होती. तरी १९६२ आणि १९६९, दोन्ही साली चारही जिंकल्या. (तेव्हा चारपैकी तीन गवतावर व्हायच्या, म्हणजे मैदानाचा प्रकार फारसा बदलत नसे, हे लेव्हरभक्तांनीही कबूल करावं.)

स्वीडनचा ब्यॉन बोर्ग तर ऑस्ट्रेलियन ओपन उभ्या कारकिर्दीत एकदाच खेळला, १९७४ मध्ये. पण १९७८ ते १९८०, सलग तीन वर्षं, लाकडी रॅकेट घेऊन आधी फ्रेंच ओपनची पॅरिसमधली संथ लाल माती आणि लगेच विंबल्डनचं तेव्हाचं वेगवान गवत, दोन्हीकडे जिंकणं? माझ्या लेखी याला तोड नाही.

दडपणाखाली कोण, असं विचाराल तर मात्र मुकाट्याने जोकोविच. २०१९ ची विंबल्डन फायनल. पाचवा, निर्णायक सेट ८-७, ४०-१५, सर्व्हिस फेडररची, म्हणजे एक पॉइंट मिळाला की सामना त्याचा, आणि संधी दोन. पहिला मॅच पॉइंट फेडररने बाहेर मारून घालवला. दुसऱ्याला नेटकडे धावला, तर जोकोविचचा क्रॉसकोर्ट फोरहँड त्याच्या बाजूने सुळकन निघून गेला. अख्ख्या सामन्यात जास्त पॉइंट फेडररचे, २१८ विरुद्ध २०४, आणि चषक दुसऱ्याच्या हातात. मी पडलो फेडररवाला. तो गेम अजूनही परत बघवत नाही.