अनुभव धागा: पदवीनंतरच्या शिक्षणाचे पैसे कसे उभे केलेत?

आमच्या नात्यातल्या एका मुलीने यंदा पुण्यातला एम.एस्सी.चा प्रवेश सोडला आणि ती नोकरीला लागली. गुण होते, जागा मिळाली होती, राहण्या-जेवण्याचे पैसे नव्हते. बारावीनंतर काय करावं हे सांगणारे गल्लोगल्ली भेटतात, पण पदवीनंतरच्या खर्चाची वाट प्रत्येक घर नव्याने शोधतं. म्हणून विचारते: कोणती मदत मिळाली, किती, आणि पैसे हातात कधी पडले? शेवटचं नक्की लिहा.

परभणीहून पुण्याला, एम.ए. अर्थशास्त्र, आता पीएच.डी.

वडील सालगडी. सरकारी वसतिगृहात नंबर लागला नाही, म्हणून स्वाधार योजनेचा अर्ज भरला. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांना त्यातून पुण्या-मुंबईत राहणं, जेवण आणि इतर खर्चासाठी वर्षाला ६०,००० रुपये मिळतात. त्यावरच माझं एम.ए. झालं. पण माझा पहिला हप्ता सत्र संपत आल्यावर जमा झाला. तोवर विद्यापीठाच्या ‘कमवा व शिका’मध्ये ग्रंथालयात काम केलं आणि मेसच्या काकूंनी उधारी लिहून ठेवली. त्या काकूंचं नाव माझ्या प्रबंधाच्या ऋणनिर्देशात असणार आहे.

एम.ए.च्या शेवटच्या वर्षाला असतानाही नेट, म्हणजे प्राध्यापकी आणि संशोधनासाठीची राष्ट्रीय पात्रता परीक्षा, देता येते, हे गावाकडच्या कॉलेजांत कुणी सांगत नाही. मी दिली आणि जेआरएफ, म्हणजे संशोधनासाठीची दरमहा अधिछात्रवृत्ती, मिळाली. जानेवारी २०२३ पासून पहिली दोन वर्षं महिना ३७,००० आणि पुढे ४२,००० रुपये असा दर आहे, घरभाडे भत्ता वेगळा. मात्र पीएच.डी.ला प्रवेश मिळाल्याशिवाय पैसे सुरू होत नाहीत. जेआरएफ नसेल तर आपल्या प्रवर्गाप्रमाणे बार्टी, सारथी, महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांच्या अधिछात्रवृत्तीच्या जाहिरातींवर नजर ठेवा.

नागपूर, एम.टेक.

माझं थोडक्यात. गेट या एम.टेक.साठीच्या राष्ट्रीय परीक्षेच्या गुणांवर प्रवेश आणि एआयसीटीईचे, म्हणजे केंद्राच्या तंत्रशिक्षण परिषदेचे, महिना १२,४०० रुपये. संस्था मान्यताप्राप्त हवी, शिक्षण पूर्णवेळ हवं. घरून पैसे मागवावे लागले नाहीत.

सांगली, मुलीचा बाप

शैक्षणिक कर्जाचं सांगतो. चार लाखांपर्यंत सहसा तारण लागत नाही, साडेसात लाखांपर्यंत जामीनदार मागतात आणि त्यापुढे तारण. माझी द्राक्षबाग आहे, पण बँकेला शेतजमीन चालेना. शेवटी मेहुण्याने गावठाणातलं घर तारण दिलं. असा माणूस ज्याच्या पाठीशी नाही त्याने काय करायचं, हा विचार अजून मनातून जात नाही. २०२४ मध्ये पीएम विद्यालक्ष्मी योजना आली. तिच्यात निवडक संस्थांसाठी तारण आणि जामीनदार दोन्ही लागत नाहीत, शिवाय आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्यांना दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर तीन टक्के व्याजसवलत आहे. पण ती देशातल्याच शिक्षणासाठी. शिक्षण चालू असताना हप्ता नसला तरी व्याज चढत असतं, जमेल तेवढं भरत राहा.

डोंबिवलीहून अमेरिकेला, एम.एस.

तिकडे पीएच.डी.ला बहुधा फी माफ होते आणि शिकवण्याच्या किंवा संशोधनाच्या कामाचं मानधन मिळतं. एम.एस.ला ते क्वचित. मुंबईत जे. एन. टाटा एंडोमेंट १८९२ पासून परदेशी शिकायला कर्जरूपाने शिष्यवृत्ती देते. के. सी. महिंद्रा ट्रस्टची बिनव्याजी आहे. दोन्हीकडे मुलाखत होते. मला विचारलं होतं, हाच विषय का आणि इथे का नाही. उत्तर पाठ करून जाऊ नका, समोर त्या विषयातले जाणकार बसलेले असतात. या रकमेत सगळा खर्च भागत नाही, पण माझं बँकेचं कर्ज बरंच कमी झालं.

पुण्याहून जर्मनीला

तिथलं शिक्षण फुकट, असं ऐकून लोक निघतात. बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणीची फी नाही हे खरं, पण बाडेन-व्युर्टेंबर्गमध्ये युरोपबाहेरच्यांना सत्राला १,५०० युरो भरावे लागतात. व्हिसासाठी ब्लॉक खात्यात वर्षाचे ११,९०४ युरो आधी दाखवावे लागतात. ते आपलेच पैसे असतात, महिन्याला ९९२ युरो असे परत मिळतात, पण निघण्याआधी उभे करायचे म्हणजे घरावर ताण येतोच.

धागाकर्ती

त्या मुलीला पुढच्या वर्षी प्रवेश घेता येईल का? आतापासून काय करून ठेवायचं?

परभणीहून पुण्याला

येईल की ताई! वर्षाचा खंड पडल्याचं प्रतिज्ञापत्र लागेल. उत्पन्नाचा दाखला एप्रिल उजाडल्यावर नवा काढा, राखीव प्रवर्ग असेल तर जात पडताळणीचं काम आजच सुरू करा. आधार बँक खात्याला जोडलेलं आहे का, तेही पाहून घ्या, नाहीतर मंजूर झालेली रक्कमही अडकते. पहिला हप्ता येईपर्यंत ती आमच्या खोलीवर राहू दे. आम्ही तिघी आहोत, चौथीची सोय होईल.