अपर मून एकजुटीनं का लढत नाहीत? मुझानवर निष्ठा आहे की नुसता धाक?

रात्रपाळी:
'डीमन स्लेयर'चे सगळे सीझन आणि 'इन्फिनिटी कॅसल'चा पहिला चित्रपट बघून झालाय. मांगा (मूळ जपानी कॉमिक) वाचलेली नाही. खलनायकांची आपसातली नाती काही केल्या जुळत नाहीत. अपर मूनच्या (मुझान या मूळ डीमनचे सर्वांत बलवान सहा चाकर; कोकुशिबो एक, डोमा दोन, अकाझा तीन) बैठकीत कोकुशिबो डोमासाठी अकाझाचा हात छाटतो, म्हणजे त्या दोघांची दोस्ती आहे का? ग्योक्को आणि हांतेंगू एकाच रात्री एकाच गावावर चालून जातात, मग एकमेकांच्या मदतीला का जात नाहीत? आणि मुझान स्वतःचेच लोअर मून (त्यांच्या खालचे सहा) मारून टाकतो, तरी बाकीचे त्याची चाकरी का करतात? चित्रपटाच्या पुढचं काही लिहिणार असाल तर आधी स्पॉयलरची सूचना द्या.

चिंचबन:
तिसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, बाकी दोन्हींची गाठ तिथंच सुटते. मुझानची चाकरी सोडायची सोयच नाही. त्याचं रक्त अंगात गेलं की त्या डीमनचा ठावठिकाणा त्याला कायम कळतो. समोर असेल तर मनातले विचारही वाचता येतात, अंतर वाढलं की ती पकड सैल होते. त्याचं नाव उच्चारलं की मरण. पहिल्या सीझनचा दहावा भाग पुन्हा बघा. मुझानविरुद्ध गेलेली डीमन तामायो आपल्या ब्लड डीमन आर्टनं (डीमनच्या रक्तातल्या जादूनं) सुसामारू या डीमनला भुलवते, तिच्या तोंडून नाव निसटतं आणि तिच्याच पोटातून, तोंडातून अजस्र हात बाहेर येऊन तिला चिरडतात.

त्याच प्रसंगात तामायो सांगते की डीमन टोळी करून राहत नाहीत, कारण ते एकत्र येऊन आपल्यावरच उलटतील ही मुझानला भीती आहे. म्हणून त्यानं त्यांना घडवलंच तसं. एकमेकांना खातील, पण एकमेकांवर विसंबणार नाहीत. ग्योक्को-हांतेंगूचं उत्तर इथं आहे. गावाची खबर ग्योक्कोनं काढली होती आणि हांतेंगूला सोबत नेण्याचा हुकूम मुझानचा होता. 'सोबत' म्हणजे एकाच गावात, एवढंच. एकानं तोकितो या हाशिराला (हाशिरा म्हणजे डीमन मारणाऱ्यांतले सर्वश्रेष्ठ) पाण्याच्या घड्यात कोंडलं, दुसरा नायक तांजिरोच्या मागे लागला, आणि एक मेला तरी दुसऱ्याच्या लढाईत काडीचा फरक पडला नाही. हांतेंगूची तर स्वतःतच एकी नाही. त्याच्याच शरीरातून फुटलेला सेकिदो सतत दुसऱ्या रूपावर, काराकूवर, खेकसत असतो.

या जाळ्यातून सुटलेले मोजकेच. योरीइची या जुन्या तलवारबाजानं मुझानला मरणाच्या दारात नेलं तेव्हा पकड ढिली झाली आणि तामायो निसटली. तांजिरोची डीमन झालेली बहीण नेझुको हिनं स्वतःच बंधन तोडलं. तामायोचा साथीदार डीमन युशिरो याला तिनंच बनवलं, त्यामुळे तो मुळातच मुझानचा नाही.

तळटीप:
वरच्या प्रतिसादात एक भर. डीमन एकमेकांना ठार करू शकत नाहीत. ऊन, डीमन मारणाऱ्यांची खास निचिरिन तलवार किंवा विस्टेरियाच्या फुलांचं विष लागतं. मुझान मात्र स्वतः त्यांच्या पेशी नष्ट करू शकतो. हे लक्षात ठेवलं की बैठकीचा प्रसंग निराळा दिसतो.

तो प्रसंग 'स्वोर्डस्मिथ व्हिलेज' सीझनच्या पहिल्याच भागात आहे. अकाझा डोमाचा जबडा फोडतो, नंतर डोक्याचा वरचा भागच उडवतो. माणसांत हा खून ठरला असता. इथं डोमा हसत म्हणतो, मी मुद्दाम चुकवलं नाही. कोकुशिबो पुढे येतो ते अकाझाची मजल फार गेली म्हणून. डोमा "मला राग नाही" असं सांगायला लागतो, तर कोकुशिबो त्यालाच गप्प करतो. हे तुझ्यासाठी नाही, दर्जाची उतरंड बिघडली तर हुकमाची साखळी तुटेल, ही त्याची चिंता. मग अकाझाला नियमातली वाट दाखवतो. वरची जागा हवी असेल तर जागा बदलण्यासाठी रीतसर रक्तयुद्धाचं आव्हान दे. अकाझा त्यालाच म्हणतो, तुला मी नक्की मारीन. त्यावर कोकुशिबो शांतपणे म्हणतो, मेहनत कर.

त्यामुळे कोकुशिबो आणि डोमाची दोस्ती नाही. कोकुशिबो जन्मानं सामुराई घरातला, मिचिकात्सु त्सुगिकुनी. दर्जा हाच त्याचा धर्म. डोमा-अकाझाच्या वैराचं कारण डोमाच त्या बैठकीत बोलून दाखवतो. तो अकाझानंतर डीमन झाला आणि त्याच्यावर चढला. त्यात अकाझा बायकांना खात नाही आणि डोमा मुद्दाम बायकाच निवडतो. अकाझा बायकांना का सोडतो हे त्याला स्वतःलाच आठवत नाही. चित्रपटात तो माणूस असतानाची त्याची वाग्दत्त वधू कोयुकी दिसल्यावर ते आपल्याला कळतं.

झुंजार:
मुझान नेमकं कशाला बक्षीस देतो हे बघायचं असेल तर पहिल्या सीझनचा सव्विसावा भाग घ्या. रुई हा लोअर मून मेल्यावर उरलेल्या पाच लोअर मूनना बोलावतो आणि प्रत्येकाचं मरण वेगळ्या कारणानं येतं. कामानुए मनात कुरकुरतो, ते ऐकून मारला जातो. मुकागोला विचारतो, हाशिरा दिसला की पळायचा विचार करतेस ना? ती 'नाही, मी जिवावर उदार होऊन लढेन' म्हणते, तर माझं बोलणं खोडतेस म्हणून मारली जाते. वाकुराबा पळतो आणि संपतो. रोकुरो 'आणखी रक्त द्या, मी उपयोगी पडेन' म्हणतो, तर मला हुकूम करतोस म्हणून तोही जातो.

विचार, नकार, पळ, विनंती. चारही दारं बंद. वाचतो तो एन्मू, कारण इतरांच्या किंकाळ्या ऐकायला मिळाल्या आणि शेवटी आपला नंबर लागला, याचाच त्याला हर्ष झालाय. त्याला रक्त मिळतं, सोबत कामही: हाशिरांना आणि हानाफुदा डूल घालणाऱ्या पोराला (म्हणजे तांजिरोला) मार. ते रक्त सोसवलं नाही तर मरशील, हेही बजावलं जातं. मला तर हा सगळ्या मालिकेतला सर्वांत उघडा प्रसंग वाटतो. जिवावर उदार व्हायची तयारी दाखवणारी मुकागो मरते आणि इतरांच्या मरणानं सुखावणारा जगतो.

अपर सहा असलेल्या दाकीचंही तसंच. योशिवारात मुझान तिला तोंडावर 'तू खास आहेस' म्हणतो. ती मेल्यावर त्याच बैठकीत म्हणतो, ती पायातली धोंड होती, तिचा भाऊ ग्युतारो सुरुवातीपासून लढला असता तर जिंकला असता. डोमा ही पोरं मी आणली होती म्हणून माफी मागतो, 'डोळे काढून देऊ का?' विचारतो, तर उत्तर येतं की तुझे डोळे मला नकोत.

रात्रपाळी:
खूप आभार, बैठकीचा भाग आता पुन्हा बघतो. पण मग रुईचं काय? त्याचं तर अख्खं कुटुंब होतं. आणि ग्युतारो-दाकी दोघं मिळून एक दर्जा कसा काय?

चिंचबन:
रुईचं कुटुंब ही मुझाननं दिलेली सूट. लोअर पाच, जन्मापासून आजारी पोर, त्याला स्वतः मुझाननं बदललं. रुई आपली ताकद इतरांना वाटून देतो, चेहरेही आपल्यासारखे करायला लावतो आणि भूमिका वाटतो: तू आई, तू बहीण. चुकलं की छळ. म्हणजे मुझानची उतरंड त्यानं नातागुमो डोंगरावर छोट्या प्रमाणात उभी केली, आणि तिथलं नातंही धाकावरच. म्हणूनच नेझुको तांजिरोला वाचवायला मध्ये पडते तेव्हा तो थरारतो आणि तीच हवी म्हणतो.

ग्युतारो-दाकी मात्र सख्खी भावंडं. दोघांची डोकी एकाच वेळी धडावेगळी असल्याशिवाय कुणीच मरत नाही. लढताना ग्युतारो आपला एक डोळा तिच्या कपाळावर देतो, म्हणजे तिच्या नजरेतूनही तोच लढवतो. बारा किझुकींमध्ये (अपर आणि लोअर मून मिळून बारा) खरं सहकार्य करणारी ही एकच जोडी, आणि ते सहकार्य मुझाननं दिलेलं नाही. ते माणूस असल्यापासूनचं आहे. डोमानं त्यांना गाठलं तेव्हा बहीण जिवंत जाळली गेली होती आणि ग्युतारो तिला सोडायला तयार नव्हता.

तळटीप:
इथं थोडा मतभेद. याहाबा आणि सुसामारूही जोडीनं लढतात, सुसामारू चेंडू फेकते आणि याहाबा बाणांनी त्याची दिशा वळवतो. पण तेही हुकमावरून आलेले, आणि आपण बारा किझुकींपैकी आहोत या भ्रमात. किझुकींच्या डोळ्यांत असतो तो दर्जाचा आकडाच यांच्या डोळ्यांत नव्हता. एरवी चिंचबन यांचं म्हणणं मान्य.

बैठकीत मुझान एक सिद्धांत मांडतो: ज्याच्यात माणूसपण जास्त उरलंय तो आधी हरतो. ग्युतारो त्यामुळेच हरला, असं त्याला वाटतं. पण हेच माणूसपण नसतं तर ग्युतारोकडे लढायला कारणच उरलं नसतं. अकाझाचंही तसंच. 'मला आणखी बलवान व्हायचंय' ही हाव मुझाननं वापरली, पण तिचं मूळ बापाच्या औषधासाठी चोऱ्या करणाऱ्या हाकुजीत, म्हणजे माणूस असतानाच्या अकाझात आहे. ते आठवल्याबरोबर तो स्वतःवरच वार करतो, आणि नंतर मुझानची हाक कानी पडूनही थांबतो. रक्ताची पकड असूनही मुझान त्याला जगायला लावू शकला नाही.

मांगाआधी:
पुढे स्पॉयलर, चित्रपटानंतरचं आहे.

कोकुशिबोचा शेवटही अकाझाच्या वळणानं जातो. डोकं उडाल्यावरही तो उगवायला लागतो, पण तलवारीत आपलं विद्रूप रूप दिसतं आणि तो कोसळतो. मागे उरते ती लहानपणी योरीइचीला दिलेली बासरी. चारशेहून जास्त वर्षं मुझानजवळ काढली, पण सांभाळून ठेवलं ते भावाचं.

डोमाकडे असं काहीच नाही. अकाझा मेल्याचं जाणवल्यावर तो 'माझा जिवलग मित्र गेला' म्हणून अश्रू ढाळतो आणि त्याच्याशी लढणारी कानाओ तोंडावर सांगते, तुला काहीच वाटत नाही. मुझानचा सिद्धांत खरा असता तर सगळ्यात शेवटी डोमा हरायला हवा होता. तो अकाझानंतर पुढचाच जातो.

बिवा हे तंतुवाद्य वाजवणाऱ्या नाकिमे या डीमनची गोष्ट सगळ्यांत कडू आहे. हांतेंगूच्या जागी तिला अपर चार मिळतो, अख्खा किल्ला तिच्या बिवाच्या तारांवर चालतो. युशिरो तिच्या पेशींत शिरून ताबा घेतो तेव्हा मुझान तिला वाचवत बसत नाही. लांबूनच तिचं डोकं फोडतो, आणि किल्ला सगळ्यांसकट जमिनीवर येऊन आदळतो.

दाकी-ग्युतारोनंतर अपर सहा झालेल्या कायगाकूचं कुणी लिहिलं नाही म्हणून एवढंच. कोकुशिबोपुढे गुडघे टेकतानाही त्याचा हिशोब साधा असतो, जिवंत राहिलं म्हणजे हरलो नाही. पुढे हाशिरा झालेल्या ग्योमेईच्या देवळात लहानपणी त्यानं हेच केलं होतं, स्वतःचा जीव वाचवायला बाकीच्या पोरांना डीमनच्या हवाली. मुझानकडे तो नव्यानं फितूर झाला नाही, आधीपासून तसाच होता. मुझानला असेच लोक लागतात, आणि तरीही त्यातला एकही त्याच्या कामी शेवटपर्यंत टिकत नाही.